सीमेपलीकडचे गाणे आणि खुंटीवरचा संबळ

(बी. ए. तृतीय वर्ष)

यंदा गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात एक लहानसा वाद झाला. द्वितीय वर्षाच्या मुलींनी समूहनृत्यासाठी 'पसूरी' हे गाणे निवडले होते. गाणे लागले, मुलींनी ताल धरला, तोच मागून आवाज आला, "बंद करा ते! पाकिस्तानचं गाणं हाये ते." बोलणारा माझा मित्र. त्याचा थोरला भाऊ सैन्यात आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याच्या घरी चार दिवस चुलीवर धड भाकरी झाली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे त्याचा आवाज चढला याचे मला नवल वाटले नाही. एक मुलगी तितक्याच ताठपणे म्हणाली, "गाण्याला कशाचा आलाय देश?" तेही मला खोटे वाटले नाही.

सर आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "दुसरं गाणं घ्या. चांगल्या कार्यक्रमाला गालबोट नको." मुलींनी एक हिंदी सिनेमातले गाणे घेतले. त्याला कोणाचीच हरकत नव्हती. वाद मिटला, तालीम पुढे चालू झाली.

माझ्या डोक्यातला वाद मात्र मिटला नाही. 'पसूरी' चालेल की नाही यावर आम्ही अर्धा तास भांडलो. पण ते गाणे काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागी आपल्या मातीतले एखादे गाणे घ्यावे, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. मलाही सुचले नाही. आणि मला तर ते सर्वांत आधी सुचायला हवे होते. का, ते पुढे सांगतो.

आधी या पाकिस्तानी पॉपविषयी. पॉप म्हणजे पॉप्युलर, लोकप्रिय. तरुणांनी तरुणांसाठी रचलेले, सोप्या चालीचे, कोणालाही गुणगुणता येईल असे गाणे. आपल्याला वाटते की ही गाणी मोबाइलमधून कालपरवा आपल्याकडे आली. वस्तुस्थिती तशी नाही. या गाण्याची नाळ शोधत मागे गेले की आपण आपल्याच उंबऱ्याशी येतो.

१९६६ साली पाकिस्तानात 'अरमान' नावाचा चित्रपट आला. त्यातले 'को को कोरीना' हे गाणे त्या देशातले पहिले पॉप गाणे मानतात. संगीतकार सोहेल राणा आणि गायक अहमद रुश्दी. हे रुश्दी १९३४ साली जन्मले ते हैदराबादेत, दख्खनच्या हैदराबादेत. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि गंगापूरच्या माणसाची राजधानीही तीच होती. आमच्या पणजोबांनी ज्या राज्याचा सारा भरला, त्याच राज्यात पाकिस्तानचा पहिला पॉप गायक वाढला. १९५४ साली तो कराचीला गेला.

पुढचा टप्पा मुंबईतला. १९८० साली फिरोज खान यांचा 'कुर्बानी' आला. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे, पण 'आप जैसा कोई' हे एक गाणे लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले होते. चाल बांधणारे बिद्दू मूळचे बेंगळूरूचे. शब्द इंदीवर यांचे, पडद्यावर झीनत अमान. आणि आवाज नाझिया हसन या कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये वाढलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा. त्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी भाऊ झोहेबबरोबर तिची 'डिस्को दीवाने' ही तबकडी निघाली आणि दोन्ही देशांत हातोहात खपली. माझा मामा सांगतो की त्याच्या तरुणपणी लग्नाच्या मांडवात सनई थांबली की कर्ण्यावर 'आप जैसा कोई' लागायचेच. ही गाणारी पाकिस्तानची आहे हे त्या मांडवात कोणाला ठाऊक नव्हते, आणि कोणी विचारलेही नाही. २००० साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, नाझिया कर्करोगाने गेली.

म्हणजे या गाण्याला हैदराबादचा गळा मिळाला, बेंगळूरूची चाल मिळाली आणि मुंबईचा पडदा मिळाला. मग ते वाढले पाकिस्तानात आणि आपल्याकडे तसे का वाढले नाही? याची मला दोन कारणे दिसतात.

पहिले कारण थोडे विचित्र आहे. ते गाणे गैरसोयीतून वाढले. १९७७ साली जनरल झिया यांनी सत्ता बळकावली. दूरदर्शनवर कडक पहारा बसला. बातम्या देणाऱ्या बायकांनाही डोके झाकण्याची सक्ती झाली. तिथला चित्रपटधंदा हळूहळू बसत गेला. सिनेमाचा आश्रय गेला तसे गाणे पोरके झाले आणि पोरके झाले म्हणूनच स्वतःच्या पायावर उभे राहिले. रावळपिंडीच्या काही तरुणांनी 'व्हायटल साइन्स' नावाचा ताफा जमवला. जुनैद जमशेद हा त्यांचा गायक तेव्हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. १९८७ साली, झियांची राजवट चालू असतानाच, त्यांचे 'दिल दिल पाकिस्तान' हे गाणे सरकारी दूरदर्शनवर लागले. गिटार घेतलेली, मोकळ्या रस्त्यावरून हिंडणारी चार मुले त्यात दिसली. देशभक्तीचे गाणे म्हणून त्याला कोणी अडवू शकले नाही, आणि त्या आडोशाने गिटार घराघरात शिरली. झिया गेले, १९८९ साली दूरदर्शनवर 'म्युझिक ८९' हा कार्यक्रम झाला, आणि मग ताफ्यांमागून ताफे निघाले.

आपल्याकडे उलट झाले. हिंदी सिनेमा नावाच्या वडाखाली दुसरे झाड वाढले नाही. गाणे म्हणजे सिनेमाचे गाणे असे समीकरणच होऊन बसले. मराठीत मात्र तसे पूर्वी नव्हते, हे विसरून चालणार नाही. गजानन वाटवे यांच्यासारख्यांचे भावगीत सिनेमाच्या आधाराशिवाय घरोघर गेले. वामनदादा कर्डकांची भीमगीते गावोगाव गेली ती कोणत्याही पडद्यावरून नव्हे, कव्वाल्यांच्या सामन्यांतून आणि जयंतीच्या मंचावरून. प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे यांच्या कॅसेटी एस. टी. स्टँडवरच्या टपऱ्यांतून वाजल्या. हेही पॉपच होते. पण त्याला त्या नावाने कोणी हाक मारली नाही. आपण त्याला 'त्यांचे गाणे' म्हणून बाजूला ठेवले.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पाकिस्तानच्या पोरांनी सुरुवातीला इंग्रजी ताफ्यांची नक्कल केली. पण ते नकलेवर थांबले नाहीत. 'जुनून' या ताफ्याने १९९० नंतर गिटारीबरोबर ढोलक घेतली आणि बुल्लेशाहसारख्या संतकवींचे शब्द घेतले. त्यांचे 'सय्योनी' १९९७ साली भारतातही गाजले. पुढे २००८ साली एका शीतपेय कंपनीने 'कोक स्टुडिओ' हा कार्यक्रम सुरू केला. त्याची घडण करणारे रोहेल हयात म्हणजे 'व्हायटल साइन्स'मधलेच वादक. तरुणपणी ज्यांनी पाश्चात्य पेटीवर बोटे फिरवली, त्यांनी प्रौढपणी खेड्यातल्या गायकांना शहरातल्या स्टुडिओत आणले. पंजाबी, सिंधी, सराईकी, पश्तू या भाषांतली गाणी ज्या त्या भाषेतच गायली गेली. २०२२ साली तर बलुची भाषेतले 'काना यारी' सर्वत्र वाजले. ती भाषा न कळणाऱ्यांनीही ते ऐकले. त्याच वर्षीचे 'पसूरी'. ते बव्हंशी पंजाबीत आहे. गायक अली सेठी यांना त्याची सुरुवातीची कल्पना एका ट्रकच्या मागे लिहिलेल्या ओळीवरून सुचली. ट्रकच्या मागे काय काय लिहिलेले असते हे आपण नगर रस्त्यावर रोज वाचतो. फरक इतकाच की आपण वाचून हसतो आणि विसरतो.

आता माझ्या घराची गोष्ट सांगतो.

याच कार्यक्रमात २०१० साली आरिफ लोहार यांनी मीशा शफी यांच्याबरोबर 'जुगनी' गायले. आरिफ हे लोकगायक आलम लोहार यांचे चिरंजीव. हातात भला मोठा लोखंडी चिमटा, त्याला कड्या लावलेल्या, आणि तोच त्यांचे वाद्य. एकदा रात्री ओट्यावर बसून मी मोबाइलवर ते पाहत होतो. माझे आजोबा, आम्ही त्यांना नाना म्हणतो, शेजारी येऊन बसले. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ह्यो कुठला गोंधळी रे?"

मी म्हणालो, "गोंधळी नाही नाना, पाकिस्तानातला आहे."

नाना गप्प झाले. मग म्हणाले, "असू दे. हात तयार हाये पोराचा."

मी गोंधळ्याच्या घरातला आहे. हे वाक्य या अंकात छापून येण्याआधी महाविद्यालयात मी कधी उच्चारलेले नाही. प्रथम वर्षाला ओळख करून देताना "वडील वाळूजला कंपनीत असतात" एवढेच मी सांगितले. ते खरे होते, पण अर्धे. शाळेत गुरुजी वर्गावर ओरडायचे, "काय गोंधळ घातलाय रे?" आणि मुले माझ्याकडे पाहून फिदीफिदी हसायची. जो शब्द आमच्या घरी देवीच्या पूजेचा होता, तो भाषेने गलबल्यासाठी वापरून टाकला होता. मी त्या वयात ठरवले की हे आपल्या अंगावरून उतरवायचे. नानांनी संबळावर हात धर म्हटले की मी अभ्यासाचे निमित्त सांगायचो.

नानांनी मात्र चाळीस वर्षे गंगापूर-वैजापूरच्या गावागावांत गोंधळ घातला. लग्न उरकले की रात्री चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, गळ्यात कवड्यांची माळ, एकाच्या हाती संबळ, दुसऱ्याच्या हाती तुणतुणे. आधी गण, मग गावोगावच्या देवदेवतांना गोंधळाला यायचे आवतण आणि मग पहाटेपर्यंत चालणारे आख्यान. मध्येच तुणतुणेवाला वेडेवाकडे प्रश्न विचारणार आणि नायक त्याची फिरकी घेणार. त्या रात्री बायका, पोरे, म्हातारे, सगळे एका घोंगडीवर बसून हसत आणि रडत. आता यजमान म्हणतात, "नाना, अर्ध्या तासात उरका. पुढं डीजे हाये." संबळ आमच्या घरात खुंटीला टांगलेला आहे. त्याच्या चामड्याला आता ओल धरते.

त्या रात्री मला प्रथमच लख्ख दिसले. आरिफ लोहारांचा चिमटा आणि नानांचा संबळ यांच्या योग्यतेत फरक नाही. फरक आहे तो त्यांच्या शेजारी गिटार घेऊन उभ्या असलेल्या शिकलेल्या पोरांमध्ये. तिथल्या पोरांनी चिमट्याला अवघडल्यासारखे बाजूला केले नाही. ती त्याच्या मागे ताल धरून उभी राहिली. इथला शिकलेला पोरगा मी होतो, आणि मी अभ्यासाचे निमित्त सांगत होतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. पाकिस्तानी गाण्याची लाट थोपवायची की अंगावर घ्यायची, यावर आपण पुष्कळ बोलतो. ती लाट उठली कशी, याचा विचार करत नाही. ती उठली कारण तिथल्या तरुणांनी आजोबांच्या गाण्याची लाज सोडली.

आणि हे शिकायला पाकिस्तानात कशाला जायला हवे? आपल्याच जिल्ह्यात, पैठणला, सोळाव्या शतकात एकनाथांनी हेच केले होते. वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर, भुत्या, जोगवा मागणारी, रस्त्यावर जे जे गाणे चालत होते ते सारे त्यांनी भारुडात घेतले. पंडिताच्या घरातला माणूस रस्त्यावरच्या गाण्याला लाजला नाही, म्हणून त्याचे शब्द चारशे वर्षे टिकले. अठराव्या शतकात याच औरंगाबादेत सिराज नावाचा सूफी कवी होऊन गेला. त्याची एक प्रसिद्ध गझल पाकिस्तानच्या आबिदा परवीन यांनी गायली आणि पुढे अली सेठी यांनीही गायली. तेच अली सेठी, ज्यांच्या 'पसूरी'वरून आमच्या तालमीत भांडण झाले. आपल्या जिल्ह्याचा कवी लाहोरच्या पोराला पाठ आहे. आपल्यापैकी किती जणांना त्याचे नाव ठाऊक आहे, हे मी विचारत नाही. मलाही गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हते.

आता माझ्या मित्राच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसे मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती. ८ मे रोजी केंद्र सरकारने पाकिस्तानी मूळ असलेली गाणी, चित्रपट, मालिका दाखवणे बंद करण्यास सांगितले. त्याआधी १ मे पासून तिथल्या रेडिओ केंद्रांनीही भारतीय गाणी लावणे थांबवले होते. घरात सुतक असताना शेजारच्या घरी सनई वाजली तर ती कानाला गोड लागत नाही, मग वाजवणारा कितीही निर्दोष असो. माझ्या मित्राचा राग या जातीचा आहे. त्याला 'कलेला सीमा नसते' असे सुभाषित ऐकवणे मला निर्दयपणाचे वाटते. कलेला सीमा नसेल. सीमेवर उभ्या असलेल्या भावाला आहे. तालमीत ते गाणे बदलले हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

पण दोन गोष्टी त्यालाही सांगाव्याशा वाटतात. पहिली ही की तिथले गाणे आणि तिथली राजवट एक नाहीत. १९९८ साली अणुचाचण्यांच्या विरोधात बोलल्याबद्दल 'जुनून'वर बंदी घातली ती त्यांच्याच सरकारने. २०१६ साली कराचीत कव्वाल अमजद साबरी यांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्या बंदुकांनी आपली माणसे मारली, त्या जातीच्या बंदुका तिथल्या गाणाऱ्यांवरही रोखलेल्या आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानी कलावंतांवर कायमची बंदी मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हा देशभक्तीला परक्याचा द्वेष लागतोच असे नाही, असाच आशय मांडला होता. नंतर परिस्थिती बदलली, हे खरे. पण तो विचार कालबाह्य झाला असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की बंदीने परक्याच्या गाण्याला कुलूप लागते, आपले गाणे आपोआप उगवत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी नको, हा बाणा ठीक. पण मग आपली विहीर उपसायला नको का? आमच्या तालमीत कुलूप लागले आणि आम्ही धावलो ते हिंदी सिनेमाकडे. आणि तो सिनेमा तरी काय करतो? २०२३ साली 'सत्यप्रेम की कथा' या हिंदी चित्रपटाने 'पसूरी'च नव्या साजात वापरले. म्हणजे कलावंत नको, पण चाल हवी. यात देशप्रेम कितपत आणि व्यापार कितपत, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

काही मित्र आणखी एक शंका काढतील. कोक स्टुडिओची कंपनी बाटली विकायला आली होती, लोककला वाचवायला नव्हे. अगदी मान्य. झगझगीत दिव्यांत आणून बसवलेले लोकगीत म्हणजे काचेच्या कपाटातला नांगर होण्याची भीती असतेच. रात्रभराचे आख्यान सहा मिनिटांत आवळले की त्यातली फिरकी जाते, उसंत जाते. त्यांच्या कार्यक्रमाची नक्कल करा असे मी म्हणत नाही. नक्कलच करायची तर मग सिनेमाची काय वाईट होती?

शिवाय मराठीत काहीच घडत नाही, असे रडगाणेही मला गायचे नाही. विठ्ठल उमप यांच्यासारखा शाहीर कोळीगीतापासून गझलेपर्यंत सर्वत्र संचार करून गेला. अजय-अतुल यांनी 'जोगवा'त संबळ वाजवला तेव्हा राष्ट्रीय पुरस्कार चालत आला. २०२४ साली शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे 'गुलाबी साडी' देशभर वाजले. ते कोणत्या सिनेमाचे नव्हते, कोणत्या मोठ्या घराण्याचे नव्हते. त्याच वर्षी 'तांबडी चामडी'वर मराठी न येणारी पोरेही नाचली. म्हणजे वाट मोकळी झाली आहे. आता प्रश्न इतकाच की त्या वाटेने आपण आपले काय घेऊन जाणार.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. आपल्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लोककलेच्या स्पर्धा होतात. दरवर्षी आपण महोत्सवाच्या पंधरा दिवस आधी जागे होतो, यूट्यूबवरचे भारूड पाहून पाठ करतो, भाड्याने पोशाख आणतो आणि परत येऊन विसरतो. त्याऐवजी वर्षभर, आठवड्यातला एक तास, गावातल्या एखाद्या गोंधळ्याला, शाहिराला, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या एखाद्या आजीला महाविद्यालयात बोलावले तर? मराठी विभागाने त्या ओव्या उतरवून घ्याव्यात, गिटार वाजवणाऱ्याने त्यांच्या शेजारी बसावे आणि आधी ऐकावे. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की अभ्यासक्रमात लोकसाहित्याचा पेपर आहेच. तो लिहिणारी माणसे चार मैलांवर राहतात, त्यांना एकदा वर्गात बसवून पाहा.

राहता राहिलो मी. तालमीतल्या त्या वादानंतर घरी जाऊन मी नानांना म्हणालो, "संबळ काढू का खाली?" नानांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर संबळ उन्हात ठेवलेला. ओल धरलेले चामडे सुकायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पहिला हात शिकवताना ते म्हणाले, "उशीर केलास रं. बोटं निबर झाली तुझी."

खरे आहे. बोटे निबर झाली आहेत. घाई केली की ताल सुटतो. पुढच्या गॅदरिंगला मी हजर नसेन, माझे हे शेवटचे वर्ष. पण मुलींचे गाणे पुन्हा कधी अडले आणि कोणी बोलावले, तर संबळ घेऊन येईन. माझ्या मित्रालाही मी विचारले आहे. तो म्हणाला, "तुणतुणं मी धरतो."